बिऱ्हाड चाकांवर

माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते आणि दर तीन-चार वर्षांनी त्यांची बदली ठरलेली असे. हुकूम आला की आमचे सगळे घर एका बैलगाडीत मावे. दोन ट्रंका, वळकट्या, पितळी भांड्यांचे पोते, देवांचा करंडा, वडिलांच्या पुस्तकांची पेटी आणि आईचे जाते. जात्यावरून दर खेपेला वाद होई. वडील म्हणत, "अहो, आता गावोगाव गिरण्या झाल्या. कशाला हा धोंडा वागवायचा?" आई उत्तर देत नसे. गाडी भरताना जाते मात्र गाडीत असे.

अशाच एका बदलीला जाते गाडीच्या अगदी मागच्या टोकाला ठेवले गेले. बैल जुंपायला घेतले तो जू वर उचलले. गाडीवान ओरडला, "वैनी, गाडी उलाळ झालीया! जातं फुडं घ्या, न्हाईतर बैलास्नी फास बसंल." जाते आसाच्या किंचित पुढे आले, जू खाली बसले, आणि गाडी सहा कोस निमूट चालली. त्या गाडीवानाने शाळेचे तोंड पाहिले नसावे. परंतु त्या दिवशी त्याने सांगितलेली गोष्ट पुढे अमेरिकेतल्या ट्रेलरांच्या इतिहासात मला पानोपानी भेटली. त्याच इतिहासाची थोडी हकीकत आज दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो. मेंढपाळ, बंजारा, डोंबारी यांना असे बिऱ्हाड पोटासाठी हलवावे लागते. हौसेखातर ते हलवणाऱ्यांत एक मानाचे नाव आहे डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचे. हे गृहस्थ इंग्लंडच्या आरमारातले निवृत्त डॉक्टर, आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. १८८५ साली त्यांनी ब्रिस्टलच्या एका गाडीकारखान्याकडून 'वाँडरर' नावाची प्रशस्त घरगाडी बांधून घेतली. ती जवळजवळ दोन टन वजनाची, दोन घोडे तिला ओढीत. त्याच वर्षी डॉक्टरसाहेब ती घेऊन दक्षिण इंग्लंडातून थेट स्कॉटलंडमधील इनव्हर्नेसपर्यंत गेले. बरोबर कुत्रा, काकाकुवा, गाडीवान आणि एक नोकर. रस्ते अरुंद म्हणून नोकराने तीनचाकी सायकलवरून पुढे जायचे आणि समोरच्यांना वर्दी द्यायची! रस्त्यावर जड घर ओढताना सावधगिरी हवी, हे पहिल्या प्रवाशालाच उमगले होते.

मोटारी आल्या आणि ही हौस अमेरिकेत पसरली. १९१९ साली फ्लॉरिडातील टँपा शहराच्या डी सोटो पार्कमध्ये काही मोटारप्रवाशांनी संघ काढला. नाव 'टिन कॅन टुरिस्ट्स', म्हणजे डबेवाले प्रवासी. डबाबंद अन्नावर गुजराण करायची, आणि खूण म्हणून मोटारीच्या रेडिएटरच्या झाकणावर एक रिकामा डबा डकवायचा. ही मंडळी राहत तंबूत, किंवा मोटारीमागे ओढलेल्या घडीच्या तंबूगाडीत.

अशीच एक तंबूगाडी डेट्रॉइटच्या आर्थर शेर्मन यांनी घेतली. हे जंतुशास्त्रज्ञ होते आणि एका औषधकंपनीचे प्रमुख. गाडी पाच मिनिटांत उभी राहते, अशी जाहिरात होती. पहिल्याच रात्री पाऊस आला, आणि तास उलटला तरी तंबू काही उभा राहीना. बायकापोरे चिंब भिजली. शेर्मन यांनी चिडून पक्क्या भिंतींची स्वतःची गाडी करून घेतली, आणि तिला नाव पडले 'कव्हर्ड वॅगन'. जानेवारी १९३० च्या डेट्रॉइट मोटारप्रदर्शनात त्यांनी ती ४०० डॉलर किमतीला मांडली, आणि प्रदर्शन संपेतो ११८ गाड्यांची मागणी नोंदली गेली. मंदीच्या काळात कित्येकांना हेच घर परवडणारे वाटू लागले. रॉजर बॅबसन नावाच्या नामांकित अर्थतज्ज्ञाने तर भाकीत केले की, वीस वर्षांत निम्मी अमेरिका चाकांवर राहील. भाकीत साफ चुकले, ही गोष्ट वेगळी.

या इतिहासातला माझा आवडता माणूस वॉली बायम. १८९६ साली ऑरेगॉनमध्ये जन्मलेला हा मुलगा लहानपणी मेंढरांमागे गाढवाच्या गाडीत राहिला. त्या गाडीत रॉकेलचा स्टोव्ह, पाणी आणि अंथरूण एवढाच संसार. पुढे तो मासिके काढू लागला आणि घरच्या घरी ट्रेलर बांधण्याचे नकाशे त्याने छापले. वाचकांच्या तक्रारी आल्या की, या नकाशाने गाडी होतच नाही. हा बिचारा स्वतः बांधायला बसला आणि त्यातूनच कारखानदार झाला. त्याने फरशी चाकांच्या मध्ये खाली आणली आणि छत उंचावले, म्हणजे आत माणसाला ताठ उभे राहून स्वयंपाक करता येई. १९३६ साली त्याच्या 'एअरस्ट्रीम' कारखान्यातून ॲल्युमिनियमची चकचकीत 'क्लिपर' गाडी बाहेर पडली. चार माणसांची निजण्याची सोय, पाण्याची टाकी, विजेचे दिवे, आणि किंमत १,२०० डॉलर. तिची घडण विमानासारखी होती, आणि त्याला कारणही होते. लिंडबर्गच्या प्रसिद्ध विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारे हॉली बोलस यांनी १९३४ मध्येच असा धातूचा ट्रेलर केला होता. गोल अंगाला वारा कमी अडतो, आणि वारा कमी अडला की ओढणाऱ्या मोटारीचे श्रम वाचतात.

आता आमच्या गाडीवानाकडे येऊ. मोटारीमागचा ट्रेलर मागे जड झाला तर त्याची पुढची दांडी मोटारीची शेपटी वर उचलू लागते. मागच्या चाकांची पकड सुटते आणि ट्रेलर कुत्र्याच्या शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावतो. वेग वाढला की हेलकावे वाढतात आणि अखेर घर आणि मोटार दोन्ही रस्त्याकडेला उलटी होतात. म्हणून आज तिकडचा सर्वमान्य नियम असा की, भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीवर पडला पाहिजे. ट्रेलर तीन हजार किलोचा असेल तर मोटारीच्या पाठीवर तीनशे ते साडेचारशे किलो! मोटारीत बसलेली माणसे आणि सामान यांचाही भार त्याच मोटारीवर. तेव्हा मोटार किती ओढते एवढेच विचारून भागत नाही, ती पाठीवर किती पेलते हेही विचारावे लागते.

विमानविद्येतले एक आद्य पुरुष ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकात याला एक नामी तोड काढली. त्यांनी आपल्या 'एरोकार'ची जोडणी मोटारीच्या शेपटीवरून उचलून मागच्या आसाच्या डोक्यावर नेली आणि धक्के शोषायला तिथे विमानाचे चाक आडवे बसवले. आजच्या 'फिफ्थ व्हील' गाड्या याच कुळातल्या. त्या ट्रकच्या हौद्यात टेकतात, पंधरा ते पंचवीस टक्के भार वर घेतात आणि सहसा हेलकावत नाहीत. १९२७ पासून वॉर्नर नावाच्या कंपनीने ट्रेलरला विजेचे ब्रेक दिले. आत लोहचुंबक आणि त्याचा ताबा मोटार हाकणाऱ्याच्या हातात. ट्रेलर हेलकावू लागला तर मोटारीचा ब्रेक करकचून दाबू नये, वेगही वाढवू नये. सुकाणू स्थिर धरावे, पाय अलगद काढावा आणि हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावावा. मागचे घर मागे ओढले गेले की गाडी सरळ होते.

दुसऱ्या महायुद्धात हजारो ट्रेलर कारखान्यांतील कामगारांची घरे झाले. युद्धानंतर या घराण्याच्या दोन शाखा झाल्या. एक शाखा रुंदावत गेली. १९५४ साली दहा फूट रुंदीची घरे आली, आणि ती एकदा जागेवर बसली की क्वचितच हलत. दुसरी शाखा फिरती राहिली. १९५९-६० मध्ये बायम ४१ ट्रेलरांचा तांडा घेऊन केपटाउनहून कैरोला गेला आणि पिरॅमिडांच्या पायथ्याशी उतरला. आणि मौज पाहा, १९६९ साली चंद्रावरून परतलेल्या आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स यांना विलगवासात ठेवले तेही चाके काढलेल्या एअरस्ट्रीममध्येच! राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीतून बोलले.

१९५४ मध्ये लूसिल बॉल आणि देसी आर्नाझ यांचा 'द लाँग, लाँग ट्रेलर' हा गमतीचा बोलपट आला. नवपरिणीत जोडपे छत्तीस फुटी ट्रेलर घेऊन संसार मांडते. बायकोला वाटेतल्या प्रत्येक ठिकाणचा एक धोंडा आठवण म्हणून जमवायची हौस. पुढे डोंगराची उभी चढण. नवरा बजावतो, धोंडे टाकून दे. ती टाकत नाही, लपवून ठेवते. घाटात ते धोंडे घरभर गडगडू लागतात आणि संसार मोडायच्या बेताला येतो. प्रेक्षक हसतात. मला मात्र आईचे जाते आठवले आणि हसू अर्धवट राहिले.

कारण बारा महिने ट्रेलरमध्ये राहणाऱ्यांचा खरा प्रश्न हाच आहे. सुट्टीपुरते जाणारा चार कपडे नेतो, कायमचा राहणारा आयुष्य नेतो. तिकडे अशांची मोठी जमात आहे. १९७८ साली त्यांच्यासाठी 'एस्केपीज' नावाचा संघ निघाला. ज्याला घर नाही त्याला टपाल कुठे पाठवायचे, म्हणून या संघाने टेक्सासातील लिव्हिंग्स्टन गावी टपालाची व्यवस्था केली. काहींनी हा मार्ग हौसेने पत्करला. २००८ च्या आर्थिक पडझडीनंतर कित्येक वृद्धांनी नाइलाजाने पत्करला. त्यांची कहाणी जेसिका ब्रूडर यांनी २०१७ मध्ये 'नोमॅडलँड' या पुस्तकात लिहिली.

या लोकांची निवडीची रीत आपल्या संसारालाही लागू पडेल अशी आहे. ट्रेलरवरच्या पाटीवर दोन आकडे पाहायचे, रिकाम्या गाडीचे वजन आणि कमाल मान्य वजन. दोहोंतला फरक म्हणजे आपले सामान. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो तिथेच खर्ची पडले. पाण्याची टाकी आसाजवळ आहे की मागच्या टोकाला, हे वाकून पाहायचे. भिंतींत थंडीवाऱ्याला अटकाव आहे की नाही, टाक्या गोठतील की काय, हे विचारायचे. जड वस्तू खाली, आसाजवळ, किंचित पुढे. आणि सगळा संसार भरून झाला की, उसाच्या गाड्या जशा साखरकारखान्याच्या काट्यावर चढतात, तशी मोटार-ट्रेलरची जोडी वजनकाट्यावर चढवायची. काट्याचा आकडा जास्त भरला तर काहीतरी उतरवणे भाग. पुस्तके उतरतात, शिलाईयंत्र उतरते, कधी मुलांचा पाळणाही उतरतो. तिथे 'राहू दे, चालेल' म्हणणाऱ्याला पुढचा उतार क्षमा करीत नाही.

आमच्या गाडीवानाने जाते टाकून द्या असे म्हटले नाही. त्याने गाडीकडे पाहिले, बैलांकडे पाहिले आणि जात्याला त्याची जागा दाखवली. गाडीला ते पेलणार नसते, तर तसेही त्याने स्पष्ट सांगितले असते, आणि मला वाटते आईने ऐकलेही असते.

वडील निवृत्त झाले तेव्हा जाते शेवटची बदली करून आमच्या घरी आले. आता त्यावर कुणी दळत नाही. पायरीच्या कडेला ते ठेवले आहे, आणि वसुबारसेपासून रोज संध्याकाळी आई त्याच्या खुंट्याशेजारी एक पणती लावते.