अक्षराआधीची शाळा

जून महिना आला की पहिलीच्या वर्गशिक्षकापुढे एक प्रश्न दरवर्षी उभा राहतो. वर्गातली काही मुले अंगणवाडीतून आलेली असतात, काही बालवाडीतून, तर काही थेट घरातून किंवा पालातून. एखादे नऊ वर्षांचे मूल मधली दोन वर्षे गावोगाव हिंडून पुन्हा शाळेत आलेले असते. या सर्वांना एकाच दिवशी, एकाच फळ्यावर 'अ' दाखवून सुरुवात करायची का?

शिरूर आणि दौंड तालुक्यांत हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. भीमेच्या दोन्ही बाजूंचा हा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला. धरणे झाली, कालवे आले, त्यांच्यामागोमाग ऊस, साखर कारखाने आणि गुऱ्हाळे आली. रांजणगावला औद्योगिक वसाहत उभी राहिली. कामासाठी दूरदूरची माणसे इथे येतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही येतात. पण शाळेत जायची तयारी नसलेल्या मुलांचा प्रश्न या भागाला नवा नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातील केडगाव इथे तो फार मोठ्या प्रमाणावर पुढे आला होता.

दुष्काळातून आलेल्या मुली

पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत 'शारदा सदन' सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास आणले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रमाबाई तिकडे गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन परतल्या. तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. तिथे इतक्या जणींना ठेवणे शक्य नव्हते. केडगावला, पुणे-दौंड लोहमार्गालगत, रमाबाईंनी आधी जमीन घेऊन ठेवली होती. तिथे तात्पुरता निवारा उभारण्यात आला आणि त्यातून 'मुक्ती सदन' आकारास आले. १९०० साली गुजरातेत दुष्काळ पडल्यावर तिकडच्या मुलीही आल्या. तोवर केडगावची वस्ती दीड हजारांच्या वर गेली होती.

या मुलींपैकी बहुतेकींनी शाळा पाहिलेली नव्हती. वये वेगवेगळी, बोली वेगवेगळ्या. पोटात अन्न नाही, अंगावर व्रण, आणि माणसांवरचा विश्वास उडालेला. खुद्द रमाबाई लहानपणी कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. त्यांच्या आईने त्यांना तोंडी संस्कृत शिकवले होते. दुष्काळाच्या दिवसांत त्यांनी आई, वडील आणि मोठी बहीण गमावली होती. त्यामुळे समोरच्या मुलीची अवस्था त्यांना ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होती.

आधी शरीर

अशा मुलीची शाळेची तयारी पाटीपासून सुरू होऊ शकत नाही. ती अन्न, अंघोळ आणि औषध यांपासूनच सुरू होते. यामागचे विज्ञान आज आपल्याला माहीत आहे. दीर्घ उपासमारीत शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे साठे रोडावतात. अशा वेळी एकदम भरपूर पिष्टमय अन्न दिले, तर इन्सुलिन वाढते, रक्तातील फॉस्फेट पेशींमध्ये ओढले जाते आणि हृदयाचे कार्य बिघडून मृत्यूही येऊ शकतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस छळछावण्यांतून सुटलेल्या लोकांमध्ये अन्न मिळाल्यावर झालेले मृत्यू डॉक्टरांनी पाहिले, तेव्हा या धोक्याकडे नीट लक्ष गेले. रमाबाईंच्या काळी हे ज्ञान उपलब्ध नव्हते. आणलेल्या सर्वच मुली वाचल्या नाहीत.

आपल्या वर्गातील मूल इतके उपाशी नसेल. परंतु तत्त्व तेच आहे. रक्तक्षय झालेल्या किंवा सकाळपासून काही न खाल्लेल्या मुलाचे लक्ष टिकत नाही. त्याला आपण 'मंद' म्हणतो, तेव्हा आपण पोटाचा दोष डोक्याच्या खात्यावर मांडत असतो.

मग हात आणि डोळे

रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी. तिथल्या मुक्कामात फिलाडेल्फियात त्यांनी किंडरगार्टन पद्धतीचे शिक्षण घेतले आणि मराठी क्रमिक पुस्तकेही तयार केली. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तिला १८४० मध्ये 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग, हे नाव मिळाले. फ्रोबेलच्या साधनांच्या पहिल्या संचात निरनिराळ्या रंगांचे सहा लोकरीचे चेंडू होते. दुसऱ्यात लाकडी गोल, घन आणि वृत्तचिती. मूल ही साधने हाताळते, घरंगळवते, रचते, मोडते. त्यातून सारखे-वेगळे, आत-बाहेर, कमी-जास्त या कल्पना शब्दांच्या आधी हातात येतात. अक्षर ओळखणे म्हणजे शेवटी आकारांतला बारीक फरक ओळखणेच; 'घ' आणि 'ध' यांतला फरक ज्याला दिसायचा आहे, त्याच्या डोळ्यांना फरक पाहायची सवय आधी लागावी लागते.

रमाबाईंच्या शाळेत शरीरशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र यांनाही जागा होती. आपले शरीर कसे चालते हे मुलीला कळले, तर ती त्याची काळजी घेईल, हा त्यामागचा विचार. जोडीला विणकाम, छपाई, तेलघाणा, गुरांची निगा अशी कामे होती. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी अमेरिकेत ब्रेल शिकून घेतली आणि केडगावच्या अंध मुलींना बोटांनी वाचायला शिकवले. मूल शाळेला तयार नाही असे न म्हणता शाळेनेच मुलासाठी तयार व्हायचे, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

एवढ्या मुलींना शिकवायला शिक्षिका कुठून आणायच्या? शारदा सदनात आधी शिकलेल्या मोठ्या मुलींनी हा भार उचलला. नव्या मुलीला सांभाळणारी ताई काही काळापूर्वी स्वतःच निराधार होऊन आलेली असे. भेदरलेल्या मुलीला असे माणूस मिळणे, हीही तयारीच होती.

इतिहास सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. ही संस्था ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभी होती. धर्मांतराच्या प्रश्नावरून १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांनी शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले होते. हा वाद जाणूनही केडगावचा शैक्षणिक अनुभव आपल्याला अभ्यासता येतो.

अंगणात गेलेली शाळा

केडगावी मुली शाळेजवळच राहत होत्या. पण मूल घरच्या कामात अडकलेले असेल तर? या प्रश्नाचे उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शोधले. अनुताईंचा जन्म १९१० सालचा, दौंडच्या शेजारच्या बारामती तालुक्यातील मोरगावचा. १९४५ मध्ये बोर्डीला सुरू झालेले या दोघींचे काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेण्यात आली, तीच अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, पाने, खडे आले. 'अंगणवाडी' हा शब्द पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेमुळे देशभर पोचला.

कायदा आणि वर्ग

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमाने शाळाबाह्य मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात प्रवेश दिला आणि इतरांच्या बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही दिला. केंद्राच्या नमुना नियमांत त्याचा कालावधी किमान तीन महिने, गरजेनुसार दोन वर्षांपर्यंत ठेवला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पहिलीच्या सुरुवातीला तीन महिन्यांची खेळातून तयारी सुचवली. कोरोनाकाळात शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर, २०२२ मध्ये महाराष्ट्रात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. त्यात गावोगाव मेळावे भरवून मातांचे गट करण्यात आले.

तरीही कॅलेंडरचा पेच सुटत नाही. शाळा जूनमध्ये भरते. ऊसतोडीचे बिऱ्हाड दिवाळीच्या सुमारास निघते आणि उन्हाळ्यात परत जाते. म्हणजे ज्या महिन्यांत पहिलीचे मूल वाचायला लागते, नेमक्या त्याच महिन्यांत ते फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळत असते. गावच्या शाळेला ते सोडून गेलेले वाटते, इथल्या शाळेला पाहुणे. शिक्षण हमी कार्ड हाती असले, तर दाखल्यावाचून अडत नाही. पण कार्डाने पटावर नाव चढते, वर्गात मन रमतेच असे नाही.

इथे केडगाव आणि कोसबाड आपल्या उपयोगी पडतात. अशा मुलाची पहिल्याच दिवशी वाचनाची परीक्षा घेऊ नये. पहिले दोन आठवडे त्याने काय खाल्ले, त्याला नीट दिसते-ऐकू येते का, घरी तो कोणती बोली बोलतो, एवढे पाहावे. त्याच्या बोलीतले दहा शब्द आपण शिकावेत. जवळ एक मोठे, समजूतदार मूल बसवावे. त्याला जे येते, त्यापासून सुरुवात करावी: उसाच्या मोळ्या मोजणे, वाढ्यांचे भाव, बैलांची नावे. हे गणित आणि भाषाच आहेत, फक्त पुस्तकाबाहेरची. मोळ्यांच्या दहा-दहाच्या राशी केल्या की दशकाची कल्पना वेगळी समजावावी लागत नाही. नंतर पाटी आणावी. आणि ते परत निघेल तेव्हा ते कुठवर शिकले, हे एका कागदावर लिहून पालकांच्या हाती द्यावे, म्हणजे पुढच्या शाळेला पुन्हा 'अ'पासून सुरुवात करावी लागणार नाही.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसे लागत नाहीत, मात्र वेळ लागतो. पण पहिल्या महिन्यात दिलेला हा वेळ वाचवला, तर त्याची किंमत ते मूल चौथीच्या आत शाळा सोडून चुकवते.