हातोडी आणि सुई

खुर्चीत एक वृद्ध गृहस्थ बसले आहेत. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर पुसटसं हसू. हे ॲमस्टरडॅमचे नामवंत चांदी-कारागीर यान लुटमा. रेम्ब्रांटने त्यांचं हे छापचित्र १६५६ साली केलं, तेव्हा लुटमांनी सत्तरी ओलांडली होती.

तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, सुईने रेघा ओढायच्या, मग पत्र्यावर आम्लाचा प्रयोग करायचा. आम्ल रेघा खोल करतं. त्यांत शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. एवढ्या साधनांतून म्हातारपणाची सैल कातडी उमटली आहे. शेजारच्या मेजावर चांदीचं पात्र, हातोडी आणि ठशांचा डबा. म्हाताऱ्याची ओळख त्याच्या हुन्नराने करून दिली आहे.

त्याच वर्षी रेम्ब्रांटचं दिवाळं निघालं, घरातल्या चीजवस्तूंची यादी झाली. चित्रात मात्र हात कुठे डळमळलेला दिसत नाही.

१६६९ साली दोघंही वारले. पुढे १६८१च्या सुमारास लुटमांच्या मुलाने वडिलांचं छापचित्र केलं, तेही ठसा आणि हातोडीने पत्र्यावर ठिपके ठोकून. बापाच्या धंद्यातली हत्यारंच बापाची आठवण जपायला कामी आली.