'कामगार' कोणाला म्हणावे? : दक्षिण ऱ्होडेशियातील मजूर पक्ष

डोरिस लेसिंग यांच्या 'अ रिपल फ्रॉम द स्टॉर्म' (१९५८) या कादंबरीत गोऱ्या वसाहतकारांचा एक कामगारवादी पक्ष आफ्रिकी शाखेच्या प्रश्नावरून दुभंगतो. कादंबरीतील वसाहत काल्पनिक असली, तरी हा कलह काल्पनिक नव्हे. त्याचे मूळ शोधू लागलो, की आपण दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, मजूर पक्षाशी येऊन पोहोचतो.

१९२३ साली या वसाहतीला अंतर्गत स्वराज्य मिळाले. त्याच सुमारास हा पक्ष आकारास आला. रेल्वेतील संघटित गोरे कामगार हा त्याचा कणा. रेल्वे संघटनेचे पुढारी जॅक केलर हेच पक्षाचेही पुढारी झाले. तीस जागांच्या विधिमंडळात पक्षाला १९३४ साली ५ आणि १९३९ साली ७ जागा मिळाल्या.

या कामगारांची भीती निराधार नव्हती. तेच काम आफ्रिकी माणसाकडून अत्यल्प मजुरीत करून घेणे मालकाला केव्हाही परवडणारे होते. या भीतीला उत्तरे दोन होती : त्या आफ्रिकी माणसाला संघटनेत घ्यावे, किंवा त्याला कामापासूनच दूर ठेवावे. हगिन्स सरकारच्या १९३४ च्या औद्योगिक सामंजस्य कायद्याने दुसरे उत्तर दिले. मालक व कामगार यांच्यातील वाटाघाटींना कायद्याचे बळ मिळाले. मात्र 'कामगार' या शब्दाच्या व्याख्येतून आफ्रिकी माणूस वगळला गेला. 'समान कामाला समान वेतन' ही उदात्त घोषणाही येथे कुंपण ठरली. ज्याला कौशल्य शिकण्याची संधीच नाही, त्याला गोऱ्याच्या वेतनावर कोण ठेवणार?

पक्षातील डाव्या विचाराच्या मंडळींना ही विसंगती बोचत होती. आफ्रिकी शाखेचा वाद विकोपाला गेला आणि १९४४ च्या सुमारास पक्ष फुटला. त्यानंतर लगेचच, १९४५ साली आफ्रिकी रेल्वे कामगारांनी संप केला. १९४८ साली बुलावायोतून सुरू झालेला संप इतर शहरांत पसरला. कायद्याने ज्यांना कामगार मानले नव्हते, त्यांनी आपले कामगारपण असे सिद्ध केले.

१९५९ साली कायद्यातील व्याख्या बदलून आफ्रिकी कामगारांचा तीत समावेश झाला. तोवर मजूर पक्षाचा प्रभाव मावळला होता. मालकाने पक्षाला हरवले असे आम्हांस वाटत नाही. ज्या शब्दावर तो उभा होता, त्या शब्दाचा पूर्ण अर्थच त्याला पेलला नाही.