गाडी संध्याकाळी मिळेल

भिवापूर मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. मोटारसायकलीसाठी ते प्रसिद्ध असल्याचे कोणी म्हटलेले नाही, आणि आम्हा भिवापूरकरांचा तसा दावाही नाही. पण मिरची शेतातून घरी आणि घरून बाजारात न्यायची तर चाके लागतातच. पूर्वी नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे आमच्या गावावरून डुलत डुलत जाई. रूळ रुंद करायचे म्हणून २०१९ साली तीही बंद झाली. ती न्यायची, नाही असे नाही. पण तिच्या वेळेने. आपल्या वेळेने नेणारी वस्तू एकच, मोटारसायकल. आणि ती रुसली की भल्याभल्यांना सर्व्हिसिंगवाल्याच्या दारात उभे राहावे लागते. त्या दाराचा हा इतिहास. पानिपतावर लिहिणारे पुष्कळ आहेत, याला कोणी हात लावत नाही, म्हणून हे धाडस.

या इतिहासात आपल्या विदर्भाला पहिल्याच पानावर जागा आहे, हे पुण्याच्या मंडळींना एकदा सांगितले पाहिजे. १९४५ साली बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन निघाली. त्यातले बच्छराज म्हणजे वर्ध्याचे सेठ. जमनालाल बजाज त्यांच्या घरात नातू म्हणून दत्तक गेले होते. या कंपनीने १९४८ पासून परदेशी स्कूटरी आणून विकल्या. पुढे ती बजाज ऑटो झाली, इटलीच्या पियाजिओचा परवाना घेऊन इथेच व्हेस्पा बनवू लागली, १९७१ साली तो परवाना संपला आणि १९७२ साली राणा प्रतापाच्या घोड्याचे नाव लावून ‘चेतक’ रस्त्यावर आली. तिकडे म्हैसूरहून १९६१ पासून जावा येत होती, मद्रासहून बुलेट, आणि फरिदाबादहून राजदूत. राजदूतचा मूळ पिंड पोलंडचा, पण दुधाचे कॅन लटकवल्यावर ती इतकी देशी दिसे की तिला जातीचा दाखला कोणी मागितला नसता.

आता ‘येत होती’ हे नुसते म्हणायचे. किती गाड्या बनवायच्या ते सरकार ठरवी, आणि माणसे त्यापेक्षा जास्त होती. चेतकसाठी नंबर लावायचा आणि वाट पाहायची. काहींनी दहा-दहा वर्षे पाहिली. नंबर लावताना मुलगा पाचवीत असला, तर गाडी येईपर्यंत तो कॉलेजात जाऊन तीच गाडी हुंड्यात मागायला तयार होई. नव्या गाडीपेक्षा वापरलेली गाडी महाग विकली जाई, हे अर्थशास्त्र आजच्या पोरांना सांगितले तर त्यांना वाटते म्हाताऱ्याचा प्लग कचरा पकडतोय. परदेशी चलनात पैसे भरले तर गाडी लवकर मिळे. भिवापुरात परदेशी चलन कुठले? आमच्याकडे परदेशी म्हणजे पुण्याचा पाहुणा.

ज्याच्या दाराबाहेर दहा वर्षांची रांग उभी आहे, तो आतल्या गिऱ्हाइकाला कशाला चहा विचारील? गाडी नागपूरला सर्व्हिसिंगला टाकली की कानावर एकच वाक्य यायचे, “गाडी संध्याकाळी मिळेल.” कुठल्या दिवसाच्या, ते सांगण्याची पद्धत नव्हती. उरलेला दिवस सीताबर्डीवर पाय मोडायचे, आणि शेवटची एस.टी. पकडून हात हलवत परत यायचे.

पण खरे सांगायचे तर त्या काळी आमचे फारसे अडत नव्हते. टू-स्ट्रोक इंजिन ही गरिबाची गाय. पेट्रोलमध्ये तेल मिसळून पाजायचे. त्या तेलाचा कार्बन प्लगवर बसायचा, सायलेन्सरमध्ये साचायचा, आणि गाडी खोकू लागायची. मग प्लग काढा, पॉलिश पेपरने घासा, पॉइंटमधला गॅप बघा, सायलेन्सर जाळून साफ करा, झाली तयार! चेतक सुरू होत नसली तर तिला बाळंतिणीसारखी एका कुशीवर कलती करायची आणि पुन्हा किक मारायची. एवढे वैद्यक गावातल्या शिंप्यालाही येत होते. त्यावरचे आजार मिस्त्रीकडे. मिस्त्री म्हणजे एक झाड, एक लाकडी पेटी आणि एक पोरगं. गिऱ्हाईक समोरच्या दगडावर बसायचे आणि काय उघडले, काय निघाले, काय घातले ते सगळे डोळ्यांनी पाहायचे. शंका आली तर विचारायचे. मिस्त्री उत्तर द्यायचा, नाहीतर शिवी द्यायचा, पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने पाठवायचा नाही. त्या दगडाची किंमत आम्हाला तेव्हा कळली नव्हती.

मग १९८५ च्या आसपास जपानी लोक आले. हिरो होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी, सगळे दोनचार वर्षांत. फोर-स्ट्रोक हिरो होंडाच्या जाहिरातीचा सारांश असा होता की एकदा पेट्रोल भरा आणि पेट्रोलचे नावही विसरून जा. ही बातमी ऐकून आमच्या मिस्त्रीने दोन दिवस पेटी उघडली नाही म्हणतात. रांगा हळूहळू ओसरल्या. त्यातच १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याआधी बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत काढली होती. म्हणजे गिऱ्हाइकाचा ‘ग्राहक’ झाला, आणि ग्राहकाला बसायला खुर्ची, प्यायला पाणी आणि बघायला टीव्ही मिळाला. फ्री सर्व्हिसिंगची कूपने मिळाली. त्या कूपनातले फ्री म्हणजे फक्त मजुरी, ऑइलचे पैसे आपलेच. आणि त्या मजुरीचे पैसेही कंपनी डीलरला पोचवतेच, हे आम्हाला फार उशिरा कळले. फुकटाचे कूपन म्हणून उगीच ओशाळे होऊन उभे राहत होतो!

सगळे मिळाले, फक्त दगड गेला. गाडी आत, आपण बाहेर, मध्ये काच. आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे नियम आल्यावर तर बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटरही गेला. आता पेट्रोल किती सोडायचे ते संगणक ठरवतो, आणि त्याला काय दुखते ते दुसऱ्या संगणकालाच कळते. झाडाखालच्या मिस्त्रीने सोन्यासारखा कान लावला तरी त्या डबीतून आवाज येत नाही. म्हणजे फिरून आम्ही त्याच दारात. पूर्वी गाडी मिळत नव्हती म्हणून, आता ती कळत नाही म्हणून.

म्हणूनच गेल्या हंगामातली एक गोष्ट नोंदवून ठेवतो. आमचे एक शेजारी आहेत, मिरचीवाले. ऐन तोड्याच्या दिवसांत, शेतात बाया लागलेल्या असताना, त्यांच्या गाडीचा ब्रेक घासून आवाज करू लागला आणि चेनही वाजू लागली. गाडी एका शोरूमच्या सर्व्हिसिंगला टाकली. मजुरी, हप्ता, औषध फवारणी, सगळे डोक्यावर. भाऊ घरी येऊन बसले ते तोंड पाडूनच. दुपारी फोन वाजला. सुपरवायझर पोरगा होता, आवाजावरून कालपरवा मिसरूड फुटलेला.

“काकाजी, ब्रेक-शू संपले, ते टाकाच लागते. एवढे एवढे पैसे होतील. टाकू का?”

“अन् चेन?”

“चेन अजून एक हंगाम चालते जी. ताण देऊन देतो. आत्ताच कायले पैसे घालता?”

भाऊंनी फोन ठेवला आणि आमच्याकडे असे पाहिले की जणू मंत्रालयातून फोन आला होता. बाप्पा, दुकानदाराने होऊन सांगावे की घेऊ नका!

संध्याकाळी, त्याच दिवसाच्या संध्याकाळी, गाडी मिळाली. सोबत वर्तमानपत्रात बांधलेली एक पुडी. आत जुने ब्रेक-शू, पार चमड्यापर्यंत झिजलेल्या चपलेसारखे. “बघून घ्या काकाजी,” म्हणाला. जॉब कार्डावर फोनवर सांगितला होता तेवढाच आकडा होता.

ते ब्रेक-शू भाऊंनी फेकले नाहीत. अंगणात मिरची वाळत घातली की ताडपत्रीच्या दोन कोपऱ्यांवर ते ठेवलेले असतात. बाकीच्या दोन कोपऱ्यांवर विटा.