‘कलेक्टर’: अर्थ आणि अर्थलोप

‘कलेक्टर’ या इंग्रजी शब्दाच्या मुळाशी ‘एकत्र वेचणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७२ मध्ये बंगालमधील महसूल-वसुलीच्या अधिकाऱ्यास हे पदनाम दिले. पुढे दंडाधिकारही त्या पदाशी जोडले गेले. नाव मात्र वसुलीचेच राहिले.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’च्या प्रयोगप्रसंगी अनंत कान्हेरे यांनी ज्याला गोळ्या घातल्या, तो कलेक्टर जॅक्सन संस्कृतज्ञ होता आणि लोकसमजुतींचा संग्राहकही. खेड्यांतील शाळामास्तरांकरवी मिळविलेली त्याची सामग्री एन्थोव्हेन यांनी १९१४-१५ मध्ये संपादित केली. महसूल आणि लोकविद्या अशा दोन्हींचे संकलन येथे एकाच पदाच्या आश्रयाने घडले. प्रदेशाची वसुली आणि त्याविषयीचे ज्ञान या वसाहतिक सत्तेच्या परस्परपूरक क्रिया होत्या, हे त्या पदनामातूनच सूचित होते.

‘जिल्हाधिकारी’ या मराठी पर्यायात ‘वेचणे’ लोपते, ‘अधिकार’ तेवढा उरतो. पारिभाषिक शुद्धीच्या या व्यवहारात पदाचा इतिहासच झाकला जातो. बोलीतील ‘कलेक्टर कचेरी’ने तो नकळत जपला आहे.