संग्रह आणि विक्रय

संग्राहकाला आयुष्याच्या उत्तरार्धांत एक प्रश्न चुकत नाहीं: आपल्यामागें या वस्तूंचें काय? धाराशिवच्या आमच्या एका स्नेह्यानें तो नुकताच स्वतःपुरता सोडविला. अनेक वर्षें जमविलेल्या खर्जाच्या गिटारी, ज्यांना वादक ‘बास’ म्हणतात, त्यानें विकावयास काढल्या. घरांतील मंडळींना हें फार लागलें. “तेरच्या लामतुऱ्यांनीं आपला संग्रह असा विकला काय?” असा त्यांचा सवाल. मध्यस्थी आमच्याकडे आली, आणि निर्णय देण्यापूर्वीं आम्हांस इतिहासाकडे वळणें भाग पडलें.

तेरचा दाखला खरोखरच मोठा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत ज्या तगर नगराच्या व्यापाराचा उल्लेख येतो, तें नगर म्हणजेच आपलें तेर, असें फ्लीट यांनीं १९०१ मध्यें प्रतिपादिलें. गोरोबाकाकांच्या या गांवीं जमिनींतून मणी, खापरें आणि मृण्मूर्ति निघत. रामलिंगप्पा लामतुरे यांनीं त्या निगुतीनें जमविल्या. पुढें तो संग्रह शासनाच्या स्वाधीन होऊन त्यांच्या नांवाचें वस्तुसंग्रहालय तेथेंच उभें राहिलें. पुण्याच्या दिनकर केळकरांनींहि आपला संग्रह १९७५ मध्यें महाराष्ट्र शासनास दिला. त्याला नांव मात्र दिलें तें अकालीं गेलेल्या राजा या पुत्राचें. या वस्तु फुटकळ विकल्या गेल्या असत्या तर केवढी हानि झाली असती! तेरचा मणी तेरहून दुरावला कीं तो केवळ शोभेचा मणी उरतो. त्याची साक्ष बुडते.

परंतु वाद्याची जात निराळी. कलकत्त्याच्या शौरींद्रमोहन ठाकुरांनीं १८७६ च्या सुमारास सुमारें शंभर हिंदी वाद्यें बेल्जमच्या राजाकडे पाठविलीं. तीं ब्रुसेल्सच्या संग्रहालयांत पोंचलीं. अभ्यासकाला त्यांचा उपयोग निःसंशय आहे. पण कांचेआडचें वाद्य मुकेंच. उलट आमच्या तुळजापुरास भवानीच्या दारीं गोंधळ्याचें संबळ पाहावें. त्याचें कातडें फाटलें तर नवें चढवितात, दोऱ्या ओढून घेतात, आणि बापाचें वाद्य मुलाच्या हातीं जातें. मिरजेच्या कारागिरांकडेहि जुना तंबोरा जवारी लावून घेण्यासाठीं पुनःपुन्हां येतो. हीं वाद्यें टिकलीं तीं वाजत राहिल्यामुळें.

बासचा इतिहास तर लहानच. पूर्वीं वाद्यवृंदांत खर्जाचें काम माणसाहून उंच अशा डबल बासकडे असे. अमेरिकेंतील लिओ फेंडर यांनीं १९५१ मध्यें विजेवर चालणारी, हातीं धरून वाजवावयाची ‘प्रिसिजन बास’ आणली. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. दांडीवरील पडद्यांमुळें स्वर नेमका लागे, म्हणून हें नांव. पोलादी तार चुंबकावर कंपली कीं भोंवतालच्या तांब्याच्या वेटोळ्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक त्याचा नाद मोठा करतो. चार जाड तारांचा ताण दांडीवर अहोरात्र असतो. पेटींत वर्षानुवर्षें पडून राहिलेल्या गिटारीची दांडी वाकूं लागते. ती ताळ्यावर आणण्यासाठीं तिच्या पोटांत लोखंडी सळई बसविलेली असते खरी, परंतु ती वेळोवेळीं फिरविणारा हात हवा. आमच्या स्नेह्याचीं बोटें आतां संधिवातानें आंखडलीं आहेत.

सबब आम्हीं विक्रीच्या बाजूनें मत दिलें; मात्र दोन अटींवर. प्रत्येक गिटार केव्हां घेतली, तिची कोणती दुरुस्ती झाली, याची टिपणवही करून तिची एक प्रत घरीं ठेवावी, म्हणजे वस्तु गेल्या तरी संग्रहाची साक्ष राहील. दुसरें, झिजलेले पडदे आणि वाकलेली दांडी गिऱ्हाइकास आधीं दाखवावी, आणि पैसे थोडे कमी आले तरी वाजविणाऱ्यालाच द्यावी.

मंडळींनीं तें मानलें, पण एक गिटार घरांत राहिलीच पाहिजे असा हट्ट धरला. तो आम्हांस रास्त वाटला. ती आठवड्यांतून एकदां तरी कोणीं वाजवावी, एवढेंच आम्हीं त्यांत जोडलें.