‘झपाटलेला’ आणि त्याचा उत्तरभाग : हास्य व भयानक यांच्या सहवासाविषयी

संस्कृत साहित्यशास्त्राने हास्यरसाचे वैर दोन रसांशी सांगितले आहे. त्यांतील एक करुण व दुसरा भयानक. चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पणा’त हा विरोध स्पष्टपणे नोंदलेला आहे. त्याच्या कितीतरी आधी, नवव्या शतकात, आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त विरोधी रसांना एके ठिकाणी नांदविण्याचे उपाय सांगितले. त्यांतील एक उपाय असा की, दोन्ही रसांचे आश्रय निराळे ठेवावेत. म्हणजे एकाच्या ठायी एक भाव, दुसऱ्याच्या ठायी दुसरा. मराठी चित्रपटाच्या इतिहासात या उपायाचे सर्वांत लोकप्रिय उदाहरण कोणते, असे विचारल्यास महेश कोठारे दिग्दर्शित ‘झपाटलेला’ (१९९३) या चित्रपटाचे नाव घ्यावे लागते. आणि तोच उपाय हातातून निसटला म्हणजे काय होते, हे पाहण्यास त्याचाच उत्तरभाग, ‘झपाटलेला २’ (२०१३), उपयोगी पडतो.

‘झपाटलेला’चे मूळ परदेशी आहे, ही गोष्ट कधीच गुप्त नव्हती. १९८८ साली अमेरिकेत टॉम हॉलंड याने दिग्दर्शित केलेल्या ‘चाइल्ड्स प्ले’ या चित्रपटात पोलिसांच्या गोळीने मरणारा एक खुनी व्हूडू मंत्राच्या बळावर आपला प्राण एका बाहुल्यात घालतो, आणि तो बाहुला अँडी नावाच्या सहा वर्षांच्या मुलाच्या हाती येतो. कोठारे यांनी हा सांगाडा उचलला. परंतु त्यांनी केलेले फेरफार मुळापेक्षा अधिक विचारणीय आहेत. लहान मुलाच्या जागी लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या आला: वयाने प्रौढ, मनाने पोर, आणि बोलक्या बाहुल्यांचा नाद असलेला. अमेरिकन कथेत मुलावर कोणी विश्वास ठेवीत नाही, कारण ते मूल आहे. मराठी कथेत त्याहून नेमके कारण हाती लागते. शब्दभ्रमाच्या खेळात बाहुले बोलते ते माणसाच्या करामतीने, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून बाहुले स्वतःहून बोलू लागले तरी लोकांच्या दृष्टीने बोलणारा लक्ष्याच ठरावा, यात नवल नाही. येथे भयाचा आश्रय लक्ष्या आहे आणि हास्याचा आश्रय प्रेक्षक. शास्त्रकारांनी आश्रय हा शब्द पात्रांपुरता वापरला होता. तो प्रेक्षकापर्यंत ताणणे काटेकोर नव्हे, पण या चित्रपटाची घडण त्यावाचून उलगडत नाही. लक्ष्या जितका गर्भगळित, तितके प्रेक्षागृह हसते.

दुसरा फेरफार मृत्यूच्या स्थानाचा. अमेरिकन बाहुला हळूहळू मानवी देह धारण करू लागतो आणि हृदयावर गोळी लागल्यानेच मरतो. तात्या विंचूला मात्र दोन भुवयांच्या मध्ये गोळी लागावी लागते. जेथे योगशास्त्र आज्ञाचक्र मानते आणि जेथे नित्य कुंकू अथवा गंध लावले जाते, ते हे स्थान. व्हूडूची जागा मृत्युंजय मंत्राने घेतली, तीही राघवेंद्र कडकोळ यांच्या बाबा चमत्कार या पात्राच्या तोंडून, आणि त्या बाबाला चित्रपटाने यत्किंचितही पूज्य मानलेले नाही. नावांची योजनाही ध्यानात घेण्याजोगी आहे. ‘तात्या’ हे घरातील वडीलधाऱ्याचे संबोधन. त्याला ‘विंचू’ जोडला की ओसरीवरच नांगी उगारल्याचा भास होतो. त्याचा साथीदार कुबड्या खवीस. यातील खवीस तर महाराष्ट्राच्या भुतावळीतलाच. रक्तपात मुळाच्या मानाने पुष्कळ सौम्य झाला, आणि त्याची उणीव शब्दांनी भरून काढली.

हे सर्व एका दिग्दर्शकाच्या चातुर्याचे फळ मानले तर इतिहासाचा अर्धा भाग सुटतो. परकायाप्रवेश आणि प्रहसन यांची सांगड ‘भगवदज्जुकीय’ या प्राचीन संस्कृत प्रहसनातच घातलेली आहे. तेथे संन्याशाचा जीव गणिकेच्या देहात शिरतो आणि यमदूताच्या घोटाळ्याने गणिकेचा जीव संन्याशाच्या देहात येतो. राजशेखराच्या ‘बालरामायणा’त रावणाला भुलविण्यासाठी केलेली सीतेची बोलकी बाहुली आहे. कोकणच्या दशावतारात संकासुर हा राक्षस असूनही हसविणारा आहे. मात्र सर्वांत जवळचा दुवा पाध्ये घराण्याचा होय. यशवंत केशव पाध्ये यांनी शब्दभ्रमाची कला मराठी रंगमंचावर रुजविली, त्यांचा अर्धवटराव घरोघरी ओळखीचा झाला, आणि त्यांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी तात्या विंचूचा बाहुला घडविला व चालविला. दिलीप प्रभावळकर यांचा आवाज त्या बाहुल्याला लाभला. अमेरिकन बाहुला हा कारखान्यातून हजारोंनी निघणारा माल आहे, आणि त्या कथेतील भीती काही अंशी त्याच गोष्टीची आहे. तात्या विंचू हा खेळकऱ्याचा बाहुला आहे; त्याला परंपरा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी सलगी करता येते.

ही सलगीच पुढे अडचणीची ठरली. हिंदीत ‘खिलौना बना खलनायक’ या नावाने गेलेला हा चित्रपट दूरचित्रवाणीवर पुनःपुन्हा दाखविला गेला. १९९३ साली जी मुले घाबरली, ती २०१३ साली तात्या विंचूची नक्कल करून आपल्या मुलांना हसवीत होती. खलनायक प्रेमपात्र झाला होता. अमेरिकेतही असे घडले, पण उलट्या क्रमाने: तेथील मालिका भयापासून निघाली आणि चौथ्या भागात, ‘ब्राइड ऑफ चकी’ (१९९८) मध्ये, रक्तरंजित विनोदाला पोहोचली. मराठीने तो विनोद पाच वर्षे आधी, पहिल्याच भागात खर्चून टाकला होता. उत्तरभागाला मग जायचे कोठे?

त्यात लक्ष्मीकांत बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी निवर्तले. उत्तरभागाने ही उणीव कथेतच घेतली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. लक्ष्या आता नाही. त्याचा पुत्र आदित्य आहे, आणि तोही शब्दभ्रमकार आहे. शाप वारशाने उतरतो. परंतु ही भूमिका आदिनाथ कोठारे यांनी केली. ‘माझा छकुला’ (१९९४) मधील बालकलाकार आणि दिग्दर्शकाचे चिरंजीव. म्हणजे पडद्यावर विदूषकाचा वारस आणि पडद्यामागे इन्स्पेक्टर महेश जाधवांचा. यात अभिनेत्याचा दोष नाही. मात्र आदित्य हा देखणा, प्रेमात पडणारा नायक आहे. तो संकटात सापडला तर प्रेक्षक काळजी करील, हसणार नाही. विदूषकाचे काम मकरंद अनासपुरे यांच्याकडे सोपविले गेले आणि त्यांनी ते आपल्या परीने चोख केले, पण बाहुल्याचे सावज ते नव्हेत. पहिल्या चित्रपटात जो भितो तोच हसवितो. दुसऱ्यात भिणारा एक व हसविणारा दुसरा.

उरले भय. ते कोठे ठेवायचे, याचे उत्तर उत्तरभागाने तंत्रात शोधले. कोठारे यांना तंत्राची हौस जुनीच. ‘धडाकेबाज’ (१९९०) त्यांनी सिनेमास्कोपमध्ये काढला होता. ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला, मराठीत हा प्रयोग नवाच होता. त्रिमितीचा गुण असा की, वस्तू पडद्यातून प्रेक्षकाच्या अंगावर येते. याचाच अर्थ भयाचा आश्रय पात्र न राहता प्रेक्षक व्हावा, अशी ही योजना. परंतु जो प्रेक्षक तात्या विंचूला वीस वर्षे घरचा मानीत आला, तो त्याच्या सुऱ्याने दचकेल तो क्षणभरच, आणि लगेच टाळी देईल. आनंदवर्धनाच्या भाषेत सांगायचे तर, निराळे ठेवावयाचे आश्रय येथे एकाच खुर्चीत बसविले गेले.

तरीही उत्तरभागातील एक निवड अस्सल आहे: जत्रेची. महाशिवरात्रीला अंबरनाथच्या शिलाहारकालीन शिवमंदिरापाशी (शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०) भरणारी जत्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाळणे, खेळणी, नवस आणि गर्दीतली धास्ती ही एकाच आवारात कशी नांदतात हे सांगावे लागत नाही. बोलक्या बाहुल्याला याहून योग्य घर नाही. त्रिमितीच्या चष्म्यातून मात्र ती जत्रा पार्श्वभूमी होऊन राहते.

येथे एका योगायोगाची नोंद केली पाहिजे. उत्तरभाग जून २०१३ मध्ये प्रदर्शित झाला. त्याच वर्षी २० ऑगस्ट रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली, आणि त्यानंतर चारच दिवसांत महाराष्ट्र शासनाने जादूटोणाविरोधी अध्यादेश काढला. दोहोंचा संबंध जोडण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की, मंत्र देणारा बाबा धमकावला की मंत्र देऊन टाकतो, असे दाखवून त्याच्यावर महाराष्ट्राला पोटभर हसविणारा चित्रपट वीस वर्षांपूर्वी सहज निघाला होता, आणि त्या हसण्याला लक्ष्याचा चेहरा होता.